ट्रेमधलं रोप शेतात जगवायचं कसं? टोमॅटो, मिरची आणि ढोबळीची लागण, पायरीपायरीनं

लागणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी प्लॉटमध्ये फिरताना दहा-बारा रोपांमागं एखादं मान टाकलेलं दिसलं की पहिला फोन नर्सरीला जातो आणि दुसरा औषधाच्या दुकानाला. दुकानातून बुरशीनाशक येतं, आळवणी होते (औषधाचं पाणी बुंध्याशी ओतलं जातं), आणि दोन दिवसांनी आणखी रोपं जातात. असं मेलेलं रोप उपटून त्याचा गड्डा, म्हणजे मुळ्यांभोवतीचा ट्रेमधला गोळा, चिमटीत दाबून बघा. बहुतेक वेळा तो कोरडाठाक निघतो. भोवतीची माती मात्र ओली असते. रोप तहानेनं मेलेलं असतं, तेही ओल्या बेडवर.

ट्रेच्या एका कप्प्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मावतं जेमतेम २५-३० मिली. लागणीच्या दिवशी त्याच्याबाहेर एकही मुळी नसते. उन्हाळ्यात सकाळी भरलेला गड्डा दुपारपर्यंत रिकामा होतो. शिवाय काळ्या मातीची छिद्रं कोकोपीटपेक्षा बारीक, त्यामुळं कोरडी माती गड्ड्यातलं पाणी स्वतःकडं ओढून घेते. गड्ड्यातून पांढरी मुळी बाहेर पडून मातीत शिरेपर्यंत चार ते सहा दिवस जातात, आणि तोवर रोपाचा सगळा संसार त्या गड्ड्यावर चाललेला असतो. खालच्या पायऱ्या या चार-सहा दिवसांसाठी आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त लागणीच्या आधीच उरकायच्या असतात, आणि चुकतं तेही तिथंच.

हिशोब एका एकराचा धरला आहे: बेडमधलं अंतर ५ फूट, रोपामधलं अंतर ४० सेंटिमीटर, प्रत्येक बेडवर एक ओळ. अशी साधारण ६,६०० रोपं बसतात.

१. रान: आधी काय होतं आणि त्यावर काय फवारलं होतं

सातारा-सांगलीत भाजीपाल्याला मिळणारं रान पुष्कळदा उसातून मोकळं झालेलं असतं. खोडवा निघाला, रोटाव्हेटर फिरवला, बेड सोडले, असं घाईत चालतं. अर्धवट कुजलेलं पाचट बेडमध्ये राहिलं तर ते कुजताना मातीतलं नत्र खातं आणि नवं रोप पिवळं पडतं. बुडख्यांभोवती हुमणी आणि वाळवी टिकून राहतात. बुडखे वेचून बांधाबाहेर काढा. पाचट गाडलं असेल तर पाणी देऊन कुजायला किमान दीड-दोन महिने द्या.

याहून फसवं प्रकरण तणनाशकाचं. उसात अट्राझीन सर्रास वापरतात. चुनखडीच्या, जास्त सामूच्या (pH) जमिनीत ते जास्त दिवस टिकतं, आणि कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी तशाच आहेत. ऊस पूर्ण वाढून तुटला असेल तर धोका कमी. उगवण फसली म्हणून तीन-चार महिन्यांत ऊस मोडला आणि तिथं टोमॅटो लावायला घेतला, तर धोका मोठा.

तपासा: रानात चार-पाच ठिकाणची वरची सहा इंच माती एकत्र करून एका कुंडीत भरा. दुसऱ्या कुंडीत कधीच तणनाशक न पडलेली, परड्यातली माती घ्या. दोन्हींत काकडीचं किंवा टोमॅटोचं बी टाका आणि तीन आठवडे थांबा. अट्राझीन असलेल्या मातीत बी नीट उगवतं, पण नंतर जुनी पानं कडेनं पिवळी पडून करपत जातात. तसं दिसलं तर त्या रानात या हंगामात भाजीपाला नको.

खबरदारी: उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप रोपांना वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी. नळीत आणि वायसरात राहिलेला अंशही टोमॅटोचा शेंडा पिळवटून टाकायला पुरतो. मग तो ‘व्हायरस आलाय’ म्हणून औषधं चालू होतात. रोपांसाठी वेगळा पंप ठेवा आणि त्यावर रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे गड्यालाही चूक करता येणार नाही.

मीठ फुटलेल्या रानात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ड्रीपचं पाणी जिथपर्यंत पसरतं, त्या ओलीच्या कडेला क्षार साठतात. रोप ड्रीपरपासून लांब, नेमकं त्या कडेवर बसलं तर मुळीला पहिल्या दिवसापासून मिठाचा मार बसतो.

२. बेड, खत, लॅटरल, पेपर: क्रम बदलायचा नाही

चांगलं कुजलेलं शेणखत एकरी ८ ते १० टन. ‘कुजलेलं’ कसं ओळखायचं? ढिगात कोपरापर्यंत हात घाला. गरम लागला किंवा डोळ्याला झोंबणारा वास आला तर खत कच्चं आहे. आपल्याकडं पोल्ट्रीचं खत आणि साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) सहज मिळते, म्हणून ती ताजीच बेडात जाते. ताज्या कोंबडीखतातल्या अमोनियानं कोवळी मुळी जळते, ताजी मळी कुजताना बेड तापवते. दोन्ही वापरायची तर आधी तीन-चार महिने ढिगात ओली ठेवून, पालथी घालून कुजवा.

बेड वर अडीच फूट रुंद आणि एक फूट उंच. पलूस, वाळवा, मिरजेकडच्या भारी काळ्या रानात उंची कमी करू नका, पावसाळी लागण असेल तर नाहीच नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या मुरमाड रानात बेड पाऊण फुटाचा चालतो. तिथं बेड फार उंच केला तर लवकर वाळतो.

रासायनिक खताचा बेसल डोस (लागणीआधीचा हप्ता) बेडच्या मधोमध पट्ट्यात टाकून त्याच पट्ट्यावर रोप लावणं ही घरोघरी होणारी चूक आहे. डीएपीचे दाणे गड्ड्याला टेकले की मुळीचं टोक जळतं. खत रोपाच्या ओळीपासून चार इंच बाजूला, तेवढंच खोल जाऊ द्या. लागणीच्या किमान आठ दिवस आधी ते टाकलेलं असावं आणि त्यावर एकदा तरी पाणी झालेलं असावं.

मग लॅटरल, म्हणजे बेडवरून जाणारी ड्रीपची नळी. १६ मिलिमीटरची, ४० सेंटिमीटरवर २ लिटरचे ड्रीपर असलेली इनलाइन नळी या अंतराला नेमकी बसते. बेडवरचा मल्चिंग पेपर टाकण्याआधी पाणी सोडून बघायचं, नंतर नाही. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या बेडवर ड्रीपरखाली भांडं ठेवा. १५ मिनिटांत अर्धा लिटर भरायला हवा. शेवटच्या बेडवर साडेचारशे मिलीच्या खाली आलं तर फिल्टर धुवा, सबमेनची (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपची) टोकं उघडून फ्लश करा. पेपरखाली गेलेला तुंबलेला ड्रीपर तुम्हाला रोप मेल्यावरच दिसतो.

लॅटरल उन्हात लांबते आणि पेपरखाली सापासारखी वळते. दर तीन-चार मीटरवर तारेची यू-पिन ठोकून ती बेडच्या मध्यावर बांधून ठेवा. हे काम दहात आठ प्लॉटांवर होत नाही आणि त्या दहात आठ प्लॉटांवर ‘काही रोपं का मेली कळेना’ अशी तक्रार असते.

पेपर २५ मायक्रॉनचा, चार फुटी, चंदेरी बाजू वर. ४०० मीटरचे सात रोल लागतात. ताणून अंथरा आणि दोन्ही कडा मातीत नीट दाबा. ढिला पेपर वाऱ्यानं फडफडतो आणि रोपाला थोबाडत राहतो. भोकं तीन इंचांची. ड्रीपर हातानं चाचपून त्यापासून दोन ते तीन इंचांवर भोक पाडायचं, मोजपट्टीच्या हिशोबानं आंधळेपणानं नाही. ड्रीपर अगदी बुंध्यावर आला तर मान सतत ओली राहून सडते. सहा इंच लांब गेला तर गड्डा कोरडा राहतो. भोकं पाडल्यावर एक-दोन दिवस तशीच राहू द्या, पेपरखालची कोंडलेली वाफ निघून जाते.

३. रोपं ताब्यात घेताना

टोमॅटोचं रोप २२ ते २८ दिवसांचं, मिरची आणि ढोबळीचं ३५ ते ४२ दिवसांचं. उंची १२ ते १५ सेंटिमीटर. उंच रोप बघून गिऱ्हाईक खूश होतं, पण उंच रोप म्हणजे दाटीत उजेडासाठी ताणलेलं रोप. ते वाऱ्याला आडवं होतं. बुटकं, जाड बुंध्याचं, खालची बीजदलं अजून हिरवी असलेलं रोप मागून घ्या.

वेगवेगळ्या ट्रेमधली पाच-सहा रोपं उपसून बघण्याचा हक्क तुमचा आहे. नर्सरीवाला नाही म्हणाला तर दुसरी नर्सरी बघा. गड्डा अखंड सुटला पाहिजे. मुळ्या पांढऱ्या आणि गड्ड्याला जाळीसारख्या बिलगलेल्या हव्यात. गड्डा फुटला तर रोप कोवळं आहे. मुळ्या तपकिरी असतील तर ट्रे पाण्यात राहिलेत. तळाशी मुळ्यांचा जाड गुंडाळा झाला असेल तर रोप जून झालंय. अशी मुळी मातीत शिरायला आळस करते आणि आपले चार दिवस आठवर जातात. पानाच्या पाठीमागं पांढरी माशी बघा. फुलकिडे बघायला रोप पांढऱ्या कागदावर झटका.

रोपं पाच टक्के जास्त घ्या. ९८ कप्प्यांचे ७१ ट्रे बरोबर होतात.

खबरदारी: उघड्या टेम्पोतून दुपारी हायवेनं आणलेली रोपं शेतात पोचेपर्यंत अर्धी झालेली असतात. ऊन नसलं तरी ताशी पन्नास-साठचा वारा पानं वाळवायला पुरे आहे. निघण्याआधी ट्रे भिजवा, बाजूंना शेडनेट बांधा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा.

४. रोप कणखर करणं: तीन दिवस, टाळता न येणारे

नर्सरीत रोप शेडनेटखाली, बंद हवेत वाढलेलं असतं. टेम्पोतून उतरवून थेट बेडवर लावलं तर पहिल्याच दुपारी ते हबकतं. आणलेल्या दिवशी ट्रे झाडाच्या विरळ सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंतचं ऊन द्या. तिसऱ्या दिवशी फक्त १२ ते ३ सावली, बाकी ऊन. नर्सरीनं शेवटचे पाच-सहा दिवस नेट काढून ठेवलं असेल तर एक दिवस पुरतो, पण ते विचारून घ्या.

ट्रे जमिनीवर ठेवायचे नाहीत. विटांवर बांबू आडवे टाकून त्यावर ठेवा. खालून हवा लागली की बाहेर डोकावणारी मुळी तिथंच थांबते आणि गड्ड्यात नवे फाटे फुटतात. जमिनीवर ठेवलेल्या ट्रेची मुळी मातीत शिरते आणि उचलताना तुटते.

पाणी सकाळी भरपूर. नंतर पानाची तकाकी किंचित कमी झाल्यावरच. या दिवसांत युरिया किंवा नत्राची कुठलीही फवारणी नको. पान लुसलुशीत होतं आणि सगळी मेहनत उलटते. कोंबड्या आणि शेळी यांच्यापासून ट्रे लांब ठेवा, हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी पडते.

तपासा: रोपाचा शेंडा तळहातानं हळूच आडवा करून सोडा. लगेच ताठ उभं राहिलं तर तयार. लोळत राहिलं तर आणखी एक दिवस.

५. आदला दिवस: लाइट, वापसा, भिजवण

पहिल्यांदा शेतीपंपाच्या लाइटचं वेळापत्रक बघा. या आठवड्यात दिवसाची पाळी आहे का रात्रीची? लागणीनंतरचे पाच दिवस दुपारी पाणी द्यावं लागणार आहे. रात्रीची पाळी असेल आणि शेततळं किंवा उंचावर टाकी नसेल तर लागण आठवडाभर पुढं ढकललेली बरी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर असाल तर आवर्तन संपायच्या तोंडावर लागण नको.

बेडला पाणी आधी देऊन वापसा (माती ओलसर, पण चिकट नाही अशी) आणायचा असतो. भारी रानात दोन दिवस आधी चार-पाच तास ड्रीप चालवा. हलक्या रानात आदल्या संध्याकाळी दोन-तीन तास पुरे. मग खुरप्यानं सहा इंच उकरून तिथली माती मुठीत दाबा. गोळा व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा. हाताला चिकटला तर माती अजून ओली आहे. चिकट काळ्या मातीत खड्डा घेतला की खुरप्यानं त्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत होतात. मुळी त्या भिंतीला धडकून आतल्या आत फिरत राहते. कोरड्या बेडवर लावून ‘नंतर पाणी सोडू’ म्हणणं तर सरळ सरळ रोपाचं पाणी मातीला पाजणं आहे.

ट्रेचं भिजवणं लागणीच्या तासभर आधी. एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट वरून मारलेलं पाणी सहज घेत नाही. पाणी कडेनं वाहून जातं आणि गड्डा आतून कोरडा राहतो. झारीवर भरवसा ठेवू नका. टबात किंवा आडव्या कापलेल्या ड्रममध्ये ट्रे गड्ड्यापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवा. अर्धा ते एक मिनिट लागतो. पाण्यात ट्रायकोडर्मा टाकायचा तर लिटरला ५ ग्रॅम. त्याच टबात रासायनिक बुरशीनाशक टाकलं तर ट्रायकोडर्मा मरतो आणि दोघांचे पैसे वाया जातात. दोन्हींतलं एकच निवडा.

तपासा: भिजवण्याआधीचा आणि नंतरचा ट्रे दोन हातांत धरा. दीड-दोन किलोचा फरक कळला पाहिजे.

६. लागण

दुपारी चारनंतर. ढगाळ दिवस असेल तर दिवसभर चालतं. भर पावसात, चिखलात नाही.

कामाची वाटणी हवी: एक जण खड्डा घेणार, एक जण ट्रे धरून रोप देणार, दोघी लावणार, एक जण मागून पाणी घालणार. सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे रोपं आधी अख्ख्या ओळीवर पसरून ठेवणं. चंदेरी पेपर तव्यासारखा तापलेला असतो, त्यावर उघडा पडलेला गड्डा दहा-पंधरा मिनिटांत सुकतो. लावणाऱ्या बाईच्या पुढं दहापेक्षा जास्त रोपं पडलेली नसावीत. मुकादमानं दुसरं काही बघितलं नाही तरी एवढं बघावं.

रोप शेंड्याला किंवा बुंध्याला धरून ओढायचं नाही. कप्प्याच्या खालच्या भोकातून बोथट काडीनं गड्डा वर ढकला आणि गड्ड्यालाच धरा. पान फाटलं तर नवं येईल. पिचलेला बुंधा भरून येत नाही.

खड्डा टोकदार काठीनं टोकून घेऊ नका. टोकाला तो निमुळता होतो, गड्डा मध्येच अडकतो आणि खाली हवेची पोकळी राहते. मुळी पोकळीत उतरली की वाळते. रुंद खुरप्यानं, गड्ड्याहून अर्धा इंच जास्त खोल आणि सपाट बुडाचा खड्डा घ्या. गड्डा ठेवा. मग दोन्ही हातांची दोन-दोन बोटं गड्ड्यापासून इंचभर लांब मातीत रोवून माती आत, गड्ड्याकडं दाबा. वरून अंगठ्यानं गड्डा दाबायचा नाही. त्यानं गड्डा फुटतो आणि मुळ्या तुटतात. शेवटी चिमूट-दोन चिमूट माती गड्ड्याच्या डोक्यावर.

ही शेवटची चिमूट फार कामाची आहे. गड्ड्याचा तांबूस भाग उघडा राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखं काम करतो: खालची ओल वर ओढतो आणि वाऱ्याला देतो. लागण झालेल्या बेडवरून चालताना कोकोपीटचा तांबडा रंग कुठंच दिसता कामा नये.

खोली पिकाप्रमाणं बदलते. टोमॅटोच्या बुंध्याला मुळ्या फुटतात, म्हणून तो बीजदलांपर्यंत पुरला तरी चालतो, उंच झालेल्या रोपाला तर फायदाच होतो. मिरची-ढोबळीला तसं करू नका. गड्ड्यावर अर्धा इंच माती, बस. कलमी रोप असेल तर जोड मातीच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या जातीला मुळ्या फुटतात आणि कलमाला मोजलेले पैसे फुकट.

रोप भोकाच्या मधोमध उभं हवं. एका कडेला टेकलं तर तापलेला पेपर बुंध्याला डागतो. भोकाच्या कडेवर मूठभर माती टाकून भोक बुजवा, म्हणजे पेपरखालची गरम वाफ तिथून फुंकरीसारखी बाहेर येणार नाही.

७. पहिले पाच दिवस: पाणी गड्ड्याला

लावल्या लावल्या, तासाभराच्या आत, प्रत्येक रोपाला तांब्यानं किंवा बारीक पाइपनं २०० मिली पाणी, थेट गड्ड्यावर, हळू. या पाण्यानं माती गड्ड्याला चिकटते. ‘ड्रीप चालू आहे की’ म्हणून ही पायरी गाळतात. ड्रीपर दोन-तीन इंच लांब असतो आणि मुरमाड रानात पाणी आडवं पसरण्याऐवजी सरळ खाली जातं. गड्ड्याला ते शिवतही नाही.

पुढचे पाच दिवस थोडं थोडं, पण रोज. भारी रानात सकाळी एकदा १५-२० मिनिटं. हलक्या रानात सकाळी १५ आणि दुपारी ३ च्या सुमारास पुन्हा १५ मिनिटं. दोन तास एकदम चालवून दोन दिवस विसरणं नको. भारी रानात त्यानं मुळी गुदमरते, हलक्यात पाणी मुळीच्या खाली निघून जातं. ज्या रोपांचा ड्रीपर चार इंचांपेक्षा लांब आहे त्यांना पाचही दिवस हातानं पाणी द्या. ती कुठली हे कळायला लागणीच्या दिवशीच तिथं काडी रोवून ठेवा.

खबरदारी: एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्या सबमेन आणि लॅटरलमध्ये थांबलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. दुपारचं पाणी सोडताना आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून, आणि जमलं तर लॅटरलची टोकंही सोडून, गार पाणी येऊ द्या, मग बंद करा.

तपासा, रोज दुपारी दोनला: प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेका रोपाची वरची माती सारून गड्डा चिमटीत दाबा. बोट ओलं झालं पाहिजे. पहिले दोन दिवस दुपारी रोप मलूल दिसलं आणि संध्याकाळी उभं राहिलं तर घाबरू नका. सकाळी सातलाही मान खाली असेल तर मात्र लगेच उपटून बघा.

पूर्वेकडच्या तालुक्यांत जून-जुलैचा वारा उन्हापेक्षा वाईट. तिथं प्लॉटभोवती मक्याच्या दोन दाट ओळी लागणीच्या आधी तीन आठवडे टोकून ठेवा. वारा अडतो आणि पांढरी माशीही थोडी थोपते. उन्हाळी लागणीत तारेच्या कमानींवर १७ जीएसएमचं पांढरं क्रॉप कव्हर टाकलं तर रोप पहिल्या आठवड्यात कोमेजतच नाही म्हणावं इतका फरक पडतो. खर्चिक आहे, ढोबळीला परवडतं, टोमॅटोला बाजार बघून ठरवा. कव्हर कमानीवर हवं, थेट रोपावर नाही, आणि कडा मातीत दाबलेल्या हव्यात.

८. मेलेलं रोप काय सांगतं

आळवणीचं औषध ठरवण्याआधी मेलेली दहा रोपं गड्ड्यासकट उपटून पोत्यावर मांडा.

गड्डा कोरडा, मुळ्या पांढऱ्या पण गड्ड्यातच, बुंधा ठणठणीत: पाणी पोचलं नाही. औषध नको, पाइप घ्या.

मातीलगत बुंधा पाणचट, बारीक झालेला, रोप तिथंच कोलमडलेलं: रोपमर. पाणी कमी करा, मान उघडी करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम घेऊन शेजारच्या रोपांना आळवणी करा. आधी ट्रायकोडर्मा दिला असेल तर तो यात मरणार हे धरून चाला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावा लागेल.

बुंध्याला एकाच बाजूनं पांढरट, कोरडा डाग आणि तिथंच मोडलेलं: पेपरचा चटका. भोकं बुजवा.

खालच्या पानांच्या कडा करपलेल्या, मुळ्यांची टोकं तपकिरी, गड्डा ओला: खताचा किंवा क्षारांचा मार. हातानं जास्त पाणी देऊन धुवून काढा. अशा रोपाला टॉनिक म्हणून आणखी विद्राव्य खत देणं म्हणजे जळत्यावर तेल.

सकाळी रोप मातीलगत कापून पडलेलं, शेंडा शेजारीच: कुरतडणारी अळी. त्याच भोकात इंच-दीड इंच उकरलं की वेटोळं करून पडलेली करडी अळी सापडते. ती मारली नाही तर उद्या शेजारचं रोप.

मुळ्याच नाहीत, रोप अलगद हातात आलं: हुमणी. शेणखत कुठल्या ढिगातलं होतं ते आठवा.

सगळ्या रोपांचे शेंडे एकदम पिळवटलेले, पानं दोरीसारखी: पंप किंवा शेजारच्या उसातून आलेला फवारा.

९. पहिली आळवणी आणि नांग्या भरणं

चौथ्या-पाचव्या दिवशी तीन रोपं खुरप्यानं भोवतीच्या मातीसकट उचला. गड्ड्याबाहेर पांढरी मुळी अर्धा इंच तरी आलेली दिसली की पहिली आळवणी: १२:६१:०० किंवा १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम, रोपाला १०० मिली. एकराला ६६० लिटर पाणी आणि साधारण १.३ किलो खत लागतं. कॅल्शियम नायट्रेट त्यात मिसळू नका, फॉस्फेटबरोबर त्याचा साका होतो. मुळी बाहेर आली नसेल तर आळवणी दोन दिवस पुढं. खाणारं तोंडच नाही, ताट वाढून काय उपयोग?

नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) सातव्या-आठव्या दिवसापर्यंत भरा, जास्तीत जास्त दहाव्या. राखून ठेवलेल्या पाच टक्के रोपांतूनच. नवी रोपं मागवली तर ती कायम मागं राहतात आणि तोडा एकसारखा येत नाही. हे ट्रे इतके दिवस बांबूवरच, रोज पाणी देऊन सांभाळायचे आणि मिरचीला कळी आली तर खुडायची. रोपमरीनं गेलेल्या जागी त्याच भोकात नवं रोप लावू नका. चार इंच बाजूला, ड्रीपरच्या दुसऱ्या अंगाला भोक पाडा. पाण्याअभावी गेलेल्या जागी तेच भोक चालतं, फक्त आधी खालचा ड्रीपर टपकतो का ते बघा. नांगीच्या रोपालाही पाच दिवस हातानं पाणी लागतं. बाकीचा प्लॉट सुधारलेला असतो, ड्रीपची पाळी एक दिवसाआड झालेली असते आणि ही तीनशे रोपं मधल्या मध्ये वाळतात, म्हणून प्रत्येकापाशी काडी रोवा.

त्यातूनही पाच-पंचवीस रोपं उरली तर परड्यात, मोरीच्या पाण्यावर लावून टाका. घरच्या हिरव्या मिरचीची सोय होते.